बाटलेलं पिल्लू

आमच्या मागच्या अंगणात कागदी लिंबाचं एक झाड आहे. ते निम्मं आमचं आणि निम्मं शेजाऱ्यांचं, कारण मधली भिंत कमरेएवढी आणि फांद्यांना काही सातबारा नसतो. त्या उन्हाळ्यात त्या झाडात सातभाईंनी घरटं केलं. सातभाई म्हणजे मातकट रंगाचे, पिवळसर डोळ्यांनी सतत कुणावर तरी डाफरत असल्यासारखे बघणारे पक्षी. टोळीनं राहतात, टोळीनं भांडतात, आणि भांडण नसेल तर उकरून काढतात. मला ते पहिल्यापासून आवडतात. नवरा म्हणतो, आवडणारच, सातभाई कसले, जातभाई आहेत तुझे.

आमची कॉलनी नाशिकमध्ये, अंबडच्या कारखान्यांना लागून आहे. शेजारचा मुलगा आणि माझा नवरा एकाच कंपनीत, वेगवेगळ्या पाळीत. तो निफाडकडच्या शेतकरी घरातला, बायको त्याच बाजूची, आणि त्यांची एक मुलगी, चौथं लागलेली. मुलगी मला मावशी म्हणते. आम्हाला मूल नाही. हे वाक्य बोलताना लोक आवाज खाली करतात, मी करत नाही.

त्या मे महिन्यात शेजारणीला सातवा होता. पाय सुजले, रक्तदाब वाढला आणि डॉक्टरांनी तिला ॲडमिट करून घेतलं. तिचा नवरा कंपनीतून दवाखान्यात आणि दवाखान्यातून कंपनीत. तिच्या सासूबाई गावाकडे उन्हाळ कांद्यात अडकलेल्या. कांदा चाळीत भरल्याशिवाय निघता येत नव्हतं. मी प्राथमिक शाळेत शिकवते, सुट्टी होती. मग पोरगी कपड्यांच्या पिशवीसकट आमच्याकडे आली. शेजारणीचं बाळंतपण पुढे सुखरूप झालं, हे आत्ताच सांगून टाकते, म्हणजे तो घोर कुणाला नको. माझी भीती वेगळी होती.

रिक्षात बसताना शेजारणीनं माझा हात धरला. "ताई, आई येतील कांदा आटोपला की. त्या जरा जुन्या वळणाच्या आहेत. त्यांनी तुम्हाला गाव-बिव विचारलं तर…" तिनं वाक्य पुरं केलं नाही. मलाही पुढचं ऐकायची गरज नव्हती.

आमचं आडनाव दोन्हीकडे चालणारं आहे. मराठ्यांत आहे, आमच्यातही आहे. त्यामुळे नुसतं आडनाव ऐकून लोकांचं समाधान होत नाही. पुढचा प्रश्न येतो, गाव कोणतं? मग, गावात कुठं? मग, पाहुणे कुठले? तेवढं झालं की समोरच्याच्या तोंडावर एक 'अस्सं' उमटतं आणि चहाचा कप टेकवायची जागा बदलते. आम्ही बौद्ध. दारातून आत पाऊल टाकलं की समोर निळ्या कोटातली तसबीर आहे आणि खाली बुद्धाची मूर्ती. मूर्तीवरून कुणाला काही कळत नाही, आजकाल शोभेला सगळेच ठेवतात, कारंज्यासकट ठेवतात. तसबीर मात्र सगळं सांगून टाकते.

शेजारणीला हे माहीत होतं. ती आमच्याकडे कितीदा तरी जेवली होती, सुकटीची चटणी मागून नेत होती. म्हणून तर तिचं ते अर्धं वाक्य मला जास्त झोंबलं. एरवी मी तिथंच सुनावलं असतं. पण तिचे ते पाय बघितले आणि "बघू" एवढंच म्हणाले.

माझ्या नाकावर राग असतो हे शाळेतल्या पहिलीच्या पोरांनाही माहीत आहे. पण अशा माणसाला भीती वाटायला लागली की फार अवघड होतं, कारण रागाचं काय करायचं ते ठाऊक असतं, भीतीचं नसतं. मला अपमानाची भीती नव्हती, त्याची सवय आहे. पोरगी भरवल्याशिवाय जेवत नव्हती. वरणभाताचा घास कालवून मी हात पुढे केला की ती तोंडाचा मोठ्ठा आ करायची, डोळे मिटून. एक दिवस कुणीतरी तिला काहीतरी सांगेल आणि ती डोळे उघडून माझ्या हाताकडे बघेल, आणि तोंड मिटेल. मला भीती होती ती एवढीच. पण तेवढ्यानं माझी झोप उडवली.

दिवसभर आम्ही दोघी स्वयंपाकघराच्या खिडकीत. घरट्यातली पिल्लं दिसायची नाहीत, नुसत्या उघड्या चोची दिसायच्या. एक सातभाई अळी घेऊन यायचा, देऊन जायचा, तोवर दुसरा हजर, मग तिसरा. पोरगी विचारायची, "ह्यांची आई कोणती?" मला सांगता यायचं नाही. सगळे एकाच मातीचे, सगळ्यांची नजर तशीच खवट. आमच्या शाळेतले एक सर पक्षी बघत हिंडतात, त्यांना फोन करून विचारलं. ते म्हणाले, टोळीत अंडी घालणारी जोडी एखादीच असते, बाकीचे दुसऱ्यांचीच पिल्लं भरवतात. मी पोरीला सांगितलं, "एक आई आहे, आणि बाकी सगळ्या मावश्या." तिला ते लगेच पटलं. मला मात्र रडू आलं, आणि मी कुकर लावायला आत गेले.

झाडाखाली बोका फिरायचा. शेजाऱ्यांच्या मोटरसायकलच्या सावलीत बसून वर बघत राहायचा. त्याला बघितलं की सातभाई अशी बोंब ठोकायचे की गल्लीतली कुत्री जागी व्हायची. मी चप्पल फेकायचे. बोका उठून दोन हात लांब जाऊन बसायचा. त्याला घाई नव्हती.

मग सासूबाई आल्या. मी त्यांना आजीच म्हणायला लागले, पोरीबरोबर. वाईट असत्या तर बरं झालं असतं, पण त्या वाईट नव्हत्या. उतरल्या उतरल्या गोणीभर कांदे आमच्या अंगणात टाकले. "घे पोरी, घरचा हाय, नाय म्हनू नको." माझ्या तोंडावरून हात फिरवून त्यांनी बोटं कानशिलाशी मोडली. "माझ्या नातीला संभाळलं, लय उपकार झाले." माझा जीव तेव्हा इतका सुखावला आणि इतका घाबरला, दोन्ही एकदम, की मला धड हसताही येईना.

त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू होता. एका डोळ्याचं ऑपरेशन व्हायचं होतं. दारात आल्या तरी समोरच्या भिंतीवर त्यांना कोट कुठला आणि भिंत कुठली ते कळत नसावं. आत यायच्या नाहीत, मागच्या ओट्यावर बसायच्या. सकाळी डबा घेऊन दवाखान्यात जायच्या आणि पोरगी माझ्याकडे ठेवायच्या. परत आल्या की ओट्यावर पाय पसरून सुनेची खबर सांगायच्या, आणि मी पुढच्या वाक्याची वाट बघत उभी राहायचे. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, "आडनाव काय म्हनले गं तुमचं?" मी सांगितलं. "हां, म्हंजी आपल्यातलेच," त्या म्हणाल्या. तेवढ्यात गॅसवाला आला. मी सिलिंडर घ्यायला पळाले ते त्या उठून जाईपर्यंत बाहेर आलेच नाही.

नवरा म्हणाला, "सांगून मोकळी हो ना. कशाला जीव मुठीत घेऊन फिरतेस?"

"आणि पोरगी?" मी म्हणाले.

तसबीर काढून ठेवायचा विचार माझ्या मनात कधीच आला नाही, तेवढी मी भित्री नाही. पण आजी ओट्यावर असताना मी मधलं दार लोटून घ्यायचे, ऊन येतं म्हणून. मे महिन्यात नाशिकला ऊन कुठून येत नाही!

एका सकाळी सातभाईंनी अंगण डोक्यावर घेतलं. मी बाहेर आले तर पोरगी झाडाखाली उभी, आणि तिच्या ओंजळीत पिल्लू. आखूड शेपटीचं, फुगलेलं, अजून धड उडता न येणारं. घरट्यातून निघालं होतं आणि खाली पडलं होतं. वर सगळी टोळी फांद्यांवर आपटत किंचाळत होती. बोका भिंतीवर येऊन बसला होता.

"टाक! टाक ते!" पलीकडून आजी ओरडल्या. "हात नको लावू! बाटलं ते आता!"

पोरगी दचकली, पण तिनं पिल्लू सोडलं नाही. "बाटलं म्हणजे काय?"

"मानसाचा हात लागला ना, की पाखरू बाटतं. मग त्याची आई त्याला घेत नाय. बाकीचे टोचून मारत्यात त्याला."

हे मी लहानपणापासून ऐकलं आहे. चिमणीच्या पिल्लाला हात लावू नको, बाटेल. शाळेतली पोरंही एकमेकांना सांगतात. शब्द कुठून आला याचा विचार कुणी करत नाही. मी चौथीत असताना आमच्या गावी एका मैत्रिणीच्या घरी पाणी मागितलं होतं. तिच्या आईनं तिला तांब्या दिला आणि मला वरून ओतलं, ओंजळीत. मैत्रीण तांब्यानं पीत पीत माझ्याकडे बघत होती. तिला त्याच दिवशी काहीतरी कळलं, कारण दुसऱ्या दिवशी ती वर्गात माझ्या शेजारी बसली नाही.

आता माझ्यासमोर पोरगी ओंजळ धरून उभी होती आणि तिचा ओठ थरथरत होता. "मी याला मारलं?" तिनं मला विचारलं.

मी पिल्लू तिच्या हातातून घेतलं. माझाही हात लागला आता. त्याचं काळीज माझ्या बोटांवर इतक्या जोरात उडत होतं की माझंच आहे असं वाटावं. लिंबाच्या आतल्या काट्याकुट्यांच्या फांदीवर, जिथं बोक्याला सहज जाता येणार नाही अशा जागी, मी ते ठेवलं. काट्यांनी मनगट ओरबाडलं. मग पोरीला कडेवर घेऊन मागे सरले. आजीही भिंतीशी येऊन उभ्या राहिल्या, बोक्याला "हाड हाड" करत.

आणि कुणी येईना. टोळी वर ओरडत होती, पिल्लू खाली चोच उघडून बसलं होतं, मध्ये हातभर अंतर, आणि कुणी खाली उतरेना. मी आयुष्यात देवाला मानलं नाही. तेव्हाही मानलं नाही. पण त्या खवट डोळ्यांच्या पक्ष्यांना मी मनातल्या मनात हात जोडत होते. या रे. कुणीतरी या. तुम्ही नाही आलात तर ही पोरगी आज जो शब्द शिकली तो खरा ठरेल, आणि मग तो तिच्या डोक्यातून मला कधी काढता येणार नाही.

एक उतरला. चोचीत काहीतरी लोंबत होतं. मान वाकडी करून त्यानं पिल्लाकडे बघितलं, आमच्याकडे बघितलं, आणि अळी सरळ पिल्लाच्या घशात कोंबली. त्याच्या मागोमाग दुसरा आला. मग तिसऱ्यानं शेजारी बसून पिल्लाची मान खाजवली.

"ही आई?" पोरगी ओरडली. "का ही? का ही?"

"घेतलं की गं बया," आजी म्हणाल्या. त्यांचा आवाज मऊ झाला होता. पदरानं डोळे पुसत त्या हसल्या. "घेतलं. मी म्हनलं, गेलं आता." मग माझ्या मनगटाकडे त्यांनी डोळे बारीक करून बघितलं. "रगत आलं पोरी तुला. हळद लाव." आणि त्याच सुरात, अगदी मायेनं, "गाव कोनतं गं तुमचं? मी कवाची इचारीन म्हनती."

मी गाव सांगितलं, चांदवडकडचं. गावात कुठं ते त्यांनी विचारायच्या आधीच सांगितलं. "आम्ही बौद्ध आहोत, आजी."

बोलताना माझा आवाज शाळेत हजेरी घेताना असतो तसा निघाला.

आजींनी 'अस्सं' म्हटलं नाही. लिंबाकडे बघितलं. मग भिंतीवरून हात लांब करून म्हणाल्या, "दे इकडं तिला. आंघोळ राह्यली तिची." पोरगी माझ्या कडेवरून त्यांच्याकडे गेली. त्या दिवशी ती जेवायला आमच्याकडे आली नाही. आजींनी तिला दवाखान्यात सोबत नेलं. मी वरण केलं होतं, ते दुपारी फ्रिजमध्ये ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी फाटक वाजलं तेव्हा माझ्या हातातली चाळणी खाली पडली. पोरगी आली होती. आजी रिक्षात बसलेल्या दिसल्या, डबा मांडीवर. पोरीच्या हातात कापडी पिशवी होती आणि ती जड असल्यामुळे पोरगी एका बाजूला कलून चालत होती.

"मावशी, बघ, माझं स्वतःचं ताट!" तिनं पिशवी ओतली. स्टीलचं ताट, वाटी, पेला. लग्नात आलेली भांडी असतात तसली, कडेला आहेर करणाऱ्याचं नाव कोरलेलं. "आजी म्हणाली, ह्याच्यातच जेवायचं आणि ह्याच्यातच पाणी प्यायचं. फक्त माझं आहे. दुसऱ्याला नाही द्यायचं."

तिचा चेहरा असा फुलला होता. मला वाटलं, ते ताट घ्यावं आणि भिंतीवरून असं भिरकावावं की निफाडला जाऊन पडावं. नवरा रात्रपाळी करून आला होता, दारात उभा राहून बघत होता. "परत पाठव," तो म्हणाला. तो सहसा असा बोलत नाही. "पोरीला नको काही बोलूस. पण पाठव."

मला कळत होतं की तो बरोबर आहे. मी पाठवलं असतं तर पोरगीही गेली असती, कायमची. नाही पाठवलं तर मीच माझ्या हातानं त्या ताटात वाढणार होते. माझी आई असती तर काय म्हणाली असती, ते मला चांगलं माहीत आहे. तो सगळा वेळ मी ओट्यापाशी उभी राहून भाताकडे बघत होते. पोरगी पाटावर बसून पेल्यानं ताट वाजवत होती. "भूक लागली, मावशी."

मी त्या ताटात वाढलं. कालवलं. हात पुढे केला, आणि माझा हात हवेत थांबला, कारण आजीनं तिला आणखी काय सांगून पाठवलं असेल ते मला माहीत नव्हतं. पोरीनं डोळे मिटले आणि आ केला.

ताट पाठवलं होतं, पण हात पाठवायला आजी विसरल्या होत्या. मला हसू आलं आणि ते हुंदक्यासारखं बाहेर पडलं. पोरीनं डोळे उघडले. तिला वाटलं, मला तिच्या ताटाचा हेवा वाटतोय. तिनं आपल्या चिमुकल्या बोटांनी एक घास केला, निम्मा सांडला, आणि माझ्या तोंडाशी आणला. "रडू नको. तू पण माझ्या ताटात जेव. तुला चालेल." मी तो घास खाल्ला. मग एक तिनं खाल्ला, एक मी.

ताट रिकामं झाल्यावर मला भान आलं. एवढ्याशा पोरीच्या पोटात काही राहत नाही. संध्याकाळी ती घरी जाऊन पहिलं हेच सांगणार होती. मी ताट घासून, पुसून पिशवीत घातलं. तिला गप्प राहा म्हणणं माझ्या जिवावर आलं, आणि म्हटलंही नाही. ती उड्या मारत गेली. पाठोपाठ भिंतीपलीकडून तिचा आवाज आला, "आजी, आम्ही दोघी माझ्या ताटात जेवलो!" त्यानंतर काहीच ऐकू आलं नाही. ओरडलं असतं कुणी, तर मला सोपं गेलं असतं.

दुसऱ्या सकाळी मी फाटकाकडे तोंड करून भाजी निवडत बसले. निवडलेली मेथी कचऱ्यात आणि काड्या पातेल्यात, असं चाललं होतं. दवाखान्याची वेळ झाली. गेली. आज नाही येत ती, असं मी स्वतःला सांगत होते, इतक्यात फाटक वाजलं.

पोरगी आली होती. हात रिकामे. रोज धावत येते, आज पायरीशीच थांबली.

"ताट कुठंय गं?"

"आजीनं भंगारवाल्याला देऊन टाकलं." तिनं मान खाली घातली. "ते बाटलं."

मी उठले. ती मागे सरकली, माझ्यापासून नव्हे, कशापासून ते तिलाच कळत नसावं. मग अगदी हळू, शाळेत चूक झालेलं पोर विचारतं तसं, तिनं विचारलं, "मावशी, मी पण तुझ्या हातचं खाते ना? मग मला पण टाकणार?"

मी तिला उचललं. "नाही गं. तुला कोण टाकतंय?" मी म्हणाले, पण तिनं ते ऐकलं नाही, माझ्या मानेला गच्च मिठी मारली. ती थरथरत होती. त्या पिल्लाची आठवण झाली मला, आणि भयंकर राग आला, आणि तो राग घेऊन मी भिंतीला वळसा घालून पहिल्यांदाच शेजारच्या स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभी राहिले. चपला काढल्या नाहीत.

आजी अजून घरीच होत्या, डब्याची भाकरी थापत. "आजी, हिला काय वाटतंय ते ऐका," मी म्हणाले.

पोरीनं मान वर न करता विचारलं, "आजी, तू मला पण भंगारवाल्याला देशील?"

आजींचा हात पिठात तसाच राहिला. तव्यावरची भाकरी करपायला लागली. त्या उठल्या, पिठाचे हात पुढे करून आमच्याकडे आल्या. "नाय गं माझे बाय. ये. ये माझ्याकडं."

पोरगी गेली नाही. तिनं माझी मान सोडली नाही. आजींचे हात तसेच पुढे राहिले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी लगेच ओळखलं. आपण हात पुढे करावा आणि पोरानं यायला कचरावं, याची भीती होती ती. इतके दिवस ती माझ्याकडे होती. मला त्यात काहीच आनंद झाला नाही.

"ये ना गं," आजी पुन्हा म्हणाल्या.

"आधी सांग, मी पण बाटले का?" पोरगी म्हणाली.